मायलेजचा आकडा आणि गाडीचा आकार

२००८ साली ‘सायन्स’मध्ये रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांचा एक छोटासा पेपर आला. मुद्दा असा की अमेरिकेत मायलेज ‘गॅलनला किती मैल’ असं मोजतात आणि तिथेच माणसं फसतात. गणित करून बघा. १०,००० मैलांना १० मैल देणारी गाडी १,००० गॅलन पिते, २० देणारी ५००. वाचले ५००. आता २५ वरून ५० वर जा: ४०० चे २००. उडी मोठी दिसते, बचत मात्र निम्म्याहून कमी! युरोपात ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ मोजतात, तिथे ही गफलत होत नाही. (आपण ‘किती देते?’ विचारतो, म्हणजे अमेरिकेच्याच रांगेत.)

पेपर मला आवडतो. पण त्यावरून ‘एकक बदला, लोक शहाणे होतील’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. २०१३ च्या मॉडेलांपासून अमेरिकी लेबलवर १०० मैलांना किती गॅलन हेही छापलेलं असतं. पिकअप काही लहान झाले नाहीत. पेट्रोलवरचा तिथला केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटच आहे, राज्यांचा वेगळा. जर्मनीत लिटरलाच ६५.४५ सेंट, म्हणजे गॅलनला जवळजवळ अडीच युरो! त्यात २०११ च्या मॉडेलांपासूनच्या अमेरिकी नियमांत चार चाकांमधलं क्षेत्रफळ जितकं जास्त, तितकं मायलेजचं लक्ष्य सोपं. गाडी लांब-रुंद केली की कंपनीचा पेपरच सोपा होतो, आणि तो पेपर ग्राहक सोडवतच नाही.