बन्यनच्या यात्रिककथेंतील रूपक

जॉन बन्यन (१६२८–१६८८) ह्या इंग्रज प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचा ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हा ग्रंथ १६७८ सालीं प्रसिद्ध झाला. हरि केशवजी यांनीं १८४१ सालीं ‘यात्रिक क्रमण’ या नांवानें तो मराठींत आणिला. केवळ मतप्रचाराचा ग्रंथ म्हणून तो बाजूस सारणें योग्य नव्हे, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

बन्यन धंद्यानें भांडीं सांधणारा. परवान्यावांचून उपदेश केल्यामुळें १६६० पासून सुमारें बारा वर्षें तो बेडफर्डच्या बंदिशाळेंत होता. धर्मसत्य कल्पित कथेनें सांगावें कीं नाहीं, ही शंका त्याच्या काळच्या धर्मनिष्ठांस होती; म्हणून त्यानें ग्रंथारंभीं पद्यमय समर्थन जोडिलें आहे. धर्मग्रंथच दृष्टांतांनीं बोलतात, मग आपणांसच दोष कां, हा त्यांतील मुख्य युक्तिवाद.

मम्मटाच्या परिभाषेंत हें सांगरूपक होय. कृष्णमिश्राच्या प्रबोधचंद्रोदयांतहि विवेक व महामोह राजे होऊन लढतात. परंतु तेथें गुण आधीं दिसतो, माणूस मागून. बन्यनचे हट्टी व नरम हे मात्र यात्रिकाच्या गांवचे शेजारी आहेत. नरम त्याच्यासोबत निघतो आणि पहिल्याच दलदलींतून आपल्या घराच्या बाजूस बाहेर पडून परततो. ह्या एका तपशिलांत सारा स्वभाव आला.

ह्याच निराशेच्या दलदलीविषयीं ग्रंथकार सांगतो कीं, राजाचे मजूर सोळाशेंहून अधिक वर्षें तींत भर घालीत आहेत. सदुपदेशाच्या वीस हजार गाड्या गडप झाल्या, तरी दलदल ती दलदलच. उपदेश हेंच ज्याचें जीवितकार्य, त्यानें उपदेशाची मर्यादा इतक्या उघडपणें सांगावी! प्रवचनांत हें त्याच्या तोंडून क्वचितच निघतें. रूपकानें तें वदविलें.

दोषहि सांगितला पाहिजे. उत्तरार्धांत मतविषयक संवाद लांबतात व वाट दिसेनाशी होते. शेवटीं अज्ञान नांवाचा प्रवासी स्वर्गद्वाराशीं पोहोंचतो. पण जवळ दाखला नाहीं म्हणून हातपाय बांधून नरकांत टाकिला जातो. तेथें पंथाचा न्याय कथेवर स्वार झाला आहे.

ज्यांच्या संग्रहीं १८४१ ची प्रत असेल त्यांनीं ती पोथ्यांच्याच कपाटांत जपावी, आणि दलदलीचें प्रकरण मूळाशीं ताडून पाहावें, अशी विनंति आहे.