अकादमीच्या जाहिरातीत छेद कुठे आहे?

‘सचिन कुठे कॉलेजला गेला होता?’ मुलाला शाळेतून काढून क्रिकेट अकादमीत घालायचं आणि अभ्यास ऑनलाइन उरकायचा, असा विचार चालू असलेल्या घरात हे वाक्य एकदा तरी येतंच. बहुतेक वेळा त्याने वाद संपतो, कारण सचिनपुढे बोलणार कोण?

पण हे उदाहरण नीट पाहिलं तर ते उलट बाजूने बोलतं. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची नाबाद भागीदारी केली, ती हॅरिस शील्डच्या सेमीफायनलमध्ये. हॅरिस शील्ड म्हणजे शाळांची स्पर्धा. एका बाजूला शारदाश्रम, दुसऱ्या बाजूला सेंट झेवियर्स. आचरेकर सरांच्या सांगण्यावरून सचिनने वांद्र्याची शाळा सोडली हे खरं, पण ती दादरच्या शाळेत जाण्यासाठी. म्हणजे तेव्हाच्या मुंबईत क्रिकेटसाठी शाळा सोडत नव्हते, शाळा बदलत होते.

अर्थात एका सचिनवरून काहीच सिद्ध होत नाही, ना अकादमीच्या बाजूने ना शाळेच्या. म्हणून आज जे संशोधन उपलब्ध आहे ते घेऊन या ‘पॅकेज’ची तपासणी करू. पॅकेज तुम्हाला माहीत असेलच: सकाळी तीन तास सराव, संध्याकाळी तीन तास सराव, दुपारी मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर तास, आणि दहावी एनआयओएसमधून किंवा 17 नंबरचा फॉर्म भरून. हे सगळं कायदेशीर आहे, एनआयओएसचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त आहे आणि काही मुलांसाठी ही सोय खरोखर उपयोगी आहे. माझा आक्षेप सोयीवर नाही. ती ज्या दाव्यांवर विकली जाते त्या दाव्यांवर आहे.

दावा पहिला: ‘आमची मुलं बघा’

अकादमीच्या फ्लेक्सवर पाच-सहा चेहरे असतात. हा राज्य संघात, ही राष्ट्रीय स्पर्धेत, हा अंडर-16 मध्ये. चेहरे खरे असतात, यशही खरं असतं. पण पाचवीत शिकलेला अपूर्णांक आठवा: वर अंश, खाली छेद. फ्लेक्सवर फक्त अंश छापलेला असतो. त्या अकादमीत गेल्या दहा वर्षांत किती मुलं आली, किती मध्येच गेली, जी गेली ती आज काय करतात, हा छेद कुठेच नसतो.

संख्याशास्त्रात याला उत्तरजीवी पूर्वग्रह म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचं तर, जे टिकले त्यांनाच विचारायचं, ‘टिकण्यासाठी काय केलंत?’ जे टिकले नाहीत त्यांनीही कदाचित अगदी तेच केलेलं असतं. पण त्यांची मुलाखत कुणी घेत नाही.

तुलनाही वाकडी होते ती इथेच. एका पारड्यात अकादमीतला सगळ्यात यशस्वी मुलगा असतो आणि दुसऱ्या पारड्यात शाळेतला सरासरी मुलगा. मग पारडं कुठे झुकणार? सरासरीची तुलना सरासरीशी व्हायला हवी. आणि आपल्या मुलाबाबत ठरवताना त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जो निवडला गेला नाही त्याची तुलना जो निवडला गेला नाही त्याच्याशी व्हायला हवी. कारण शक्यता त्याचीच जास्त आहे.

किती जास्त? आर्ने ग्युलिख आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये वेगवेगळ्या खेळांतले अभ्यास एकत्र करून हेच मोजलं. सतरा-अठरा वर्षांच्या वयोगटात आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांपैकी सुमारे 89 टक्के खेळाडू मोठ्यांच्या गटात त्या पातळीपर्यंत पोहोचले नाहीत. लक्षात घ्या, ही अकादमीतल्या सर्वसाधारण मुलांची गोष्ट नाही. जी मुलं त्या वयात देशासाठी खेळत होती, त्यांची ही गोष्ट आहे. उलट बाजू आणखी गमतीची आहे: मोठेपणी आंतरराष्ट्रीय झालेल्यांपैकी 82 टक्के खेळाडू त्या कोवळ्या वयात त्या पातळीवर नव्हतेच.

दावा दुसरा: ‘जितक्या लवकर, तितकं बरं’

याच ग्युलिख यांचा ब्रूक मॅकनमारा आणि डेव्हिड हॅमब्रिक यांच्यासोबतचा एक मेटा-अ‍ॅनालिसिस 2022 चा आहे. मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे अनेक अभ्यासांची एकत्र बेरीज-वजाबाकी. यात 51 अभ्यास अहवाल आणि 6,096 खेळाडू होते, त्यातले 772 जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी. प्रश्न साधा होता: जागतिक दर्जाचा खेळाडू आणि त्याच्या एक पायरी खालचा, राष्ट्रीय दर्जाचा खेळाडू, यांच्या बालपणात फरक काय?

जागतिक दर्जाच्या खेळाडूंनी लहानपणी इतर खेळ जास्त खेळले होते, आपला मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता, त्याचा सराव तुलनेने कमी केला होता आणि सुरुवातीची त्यांची प्रगतीही संथ होती.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. हेच घटक किशोरवयीन खेळाडूंना लावले तर उत्तर उलटं येतं. लहान वयोगटात जी मुलं पुढे असतात, त्यांनी मुख्य खेळ लवकर सुरू केलेला असतो, त्याचा सराव भरपूर केलेला असतो आणि बाकीचे खेळ कमी खेळलेले असतात.

म्हणजे अकादमी खोटं बोलत नाही. ‘आमच्याकडे आठव्या वर्षी टाका, चौदाव्या वर्षी ट्रॉफी बघा’ हे बऱ्याचदा खरं ठरतं. फक्त चौदाव्या वर्षीची ट्रॉफी ही चोविसाव्या वर्षीच्या खेळाची हमी नाही. आणि अकादमीचा धंदा चौदाव्या वर्षीच्या ट्रॉफीवर चालतो, कारण पुढच्या जूनचे प्रवेश त्या फोटोवर होतात. यात कुणी दुष्ट असायची गरज नाही, व्यवहारच तसा बांधलेला आहे.

पण या अभ्यासालाही जसाच्या तसा डोक्यावर घ्यायला नको. एक तर तो खेळाडूंच्या भूतकाळाकडे मागे वळून पाहतो, आणि आठवणी पक्क्या नसतात. दुसरं, त्यात तुलना आधीच यशस्वी झालेल्या दोन गटांची आहे. ज्या मुलाने खेळच सोडला, त्याच्याबद्दल हा अभ्यास गप्प आहे. छेदाचा प्रश्न इथेही पूर्ण सुटत नाही. तिसरं, संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही. ज्याच्यात उपजत ताकद जास्त, त्याला उशिरा सुरुवात करूनही चालून गेलं असेल. म्हणून ‘मुलाला चार खेळ खेळवा, तो ऑलिंपिकला जाईल’ असा अर्थ यातून काढू नका. अर्थ एवढाच निघतो: लवकर एका खेळाला जुंपणं ही यशाची अट नाही. शाळा सोडण्यासाठी जी घाई दाखवली जाते, तिला या अभ्यासात आधार सापडत नाही.

दावा तिसरा: ‘ऑनलाइनमुळे वेळ वाचतो, अभ्यास तोच’

इथे आधी एक फरक करू. 2020 मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि रातोरात व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, ती आणीबाणीतली तडजोड होती. त्यावरून ऑनलाइन शिक्षणाला नापास करणं अन्यायाचं होईल. म्हणून मुळातच ऑनलाइन म्हणून उभ्या केलेल्या शाळा पाहू.

अमेरिकेत सरकारी पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन चार्टर शाळा आहेत. स्टॅनफर्डच्या क्रेडो या केंद्राने 2015 मध्ये तिथल्या मुलांची तुलना नेहमीच्या शाळेतल्या, शक्य तितक्या सारख्या मुलांशी केली. ऑनलाइन मुलं वाचनात मागे होती आणि गणितात बरीच जास्त मागे. अहवालाने हा फरक दिवसांत सांगितला: वाचनात वर्षाला 72 दिवसांचं नुकसान, गणितात 180 दिवसांचं. तिथलं शाळेचं वर्ष 180 दिवसांचंच असतं, त्यामुळे ‘मुलं वर्षभर गणित शिकलीच नाहीत’ असे मथळे झाले.

तो आकडा जरा सांभाळून घ्या. मूळ मोजमाप प्रमाण विचलनात आहे, गणितात उणे 0.25 आणि वाचनात उणे 0.10. ‘दिवस’ हा त्याचा लोकांना कळावा म्हणून केलेला अनुवाद आहे, आणि अनुवादात आवाज थोडा मोठा होतो. शिवाय ऑनलाइन शाळा निवडणारी मुलं आधीच कुठल्यातरी अडचणीत असू शकतात, ती अडचण अशा जोड्या लावून पूर्ण पकडता येत नाही.

तरी कारण शोधताना त्याच प्रकल्पातला दुसरा एक अहवाल कामाला येतो. त्यात आढळलं की अशा ऑनलाइन शाळेत मुलाला आठवडाभरात मिळणारं थेट शिकवणं हे नेहमीच्या शाळेत एका दिवसात मिळणाऱ्या शिकवण्यापेक्षा कमी होतं. म्हणजे ‘वेळ वाचला’ तो प्रवासाचा आणि प्रार्थनेचाच नाही, शिकवण्याचाही वाचला! उरलेली जबाबदारी मुलावर आणि घरावर येते. ज्या घरात दुपारी शेजारी बसून समीकरण समजावणारं कुणी आहे, तिथे जमेल. दुपारी आई-बाबा दोघंही कामावर आणि मुलगा सकाळचे तीन तास नेट्समध्ये घाम गाळून आलेला, तिथे काय होईल ते सांगायला पीएचडी लागत नाही.

मग शाळाच भारी?

तसंही नाही, आणि इथे शाळांच्या बाजूच्या मंडळींनी फार खूश होऊ नये. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या निकषांत शाळेला मैदान असावं असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात पी.टी.च्या तासाला गणिताच्या बाई येतात, कारण पोर्शन राहिलाय. एका शिक्षकाकडे सगळी शाळा, चार फुटबॉल, त्यातले दोन हवा नसलेले. आणि नववी संपली की घरोघरी एकच फर्मान: ‘आता दहावी, खेळ बंद.’ खेळणारं मूल शाळेत आपोआप फुललं असतं, असं म्हणायला जागा नाही. अनेक पालक अकादमीकडे हौसेने जात नाहीत, शाळेने दार बंद केलं म्हणून जातात.

पण शाळेचा एक गुण असा आहे जो जाहिरातीत कुणी मांडत नाही. संघातून नाव वगळलं तरी मूल वर्गात राहतं. तेच मित्र, तोच बाक, सोमवारी तोच इतिहासाचा तास. अकादमीतून नाव वगळलं की मुलाचा खेळ, मित्र, दिनक्रम आणि ‘मी कोण’ याचं उत्तर, सगळं एकाच दिवशी जातं. पंधराव्या वर्षी ही किंमत फार मोठी आहे. दुखापतीला तर निवड समितीही लागत नाही, गुडघ्यातला एक लिगामेंट पुरतो.

त्यात आपल्याकडच्या व्यवस्थेचा एक व्यावहारिक मुद्दा. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, आणि अनेक घरांची खरी आशा तीच असते. त्यात काही चूक नाही. पण त्या आरक्षणातूनसुद्धा पदासाठी ठरलेली शैक्षणिक पात्रता लागतेच. पदकाने दार उघडतं, पण आत बसलेला कारकून मार्कशीट मागतो.

अकादमी चालते, पण कशी?

हा लेख अकादमीविरोधी नाही. स्वप्निल कुसाळे 2009 मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. पहिलं वर्ष सर्वसाधारण प्रशिक्षणाचं होतं, त्यानंतर त्याने नेमबाजी निवडली. पंधरा वर्षांनी, 2024 मध्ये, पॅरिसला त्याने ऑलिंपिक ब्राँझ मिळवलं. बार्सिलोनाच्या प्रसिद्ध ला मासिया अकादमीतली मुलंही शहरातल्या नेहमीच्या शाळेत जात आली आहेत. दुसऱ्या टोकाला बीडचा अविनाश साबळे आहे. तो बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्टीपलचेस त्याच्या आयुष्यात विशीनंतर आली. 2023 मध्ये तो आशियाई खेळांत सुवर्ण घेऊन आला. ही तिन्ही उदाहरणं पुरावा नाहीत, फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांइतकीच निवडक आहेत. ती एवढंच दाखवतात की ‘शाळा किंवा खेळ’ अशी फाळणी अपरिहार्य नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: कुठलीही योजना तिच्यातून निवडल्या गेलेल्यांवरून नाही, तिच्यातून गळालेल्यांवरून जोखावी. हे शाळेला लागू आहे, ऑनलाइनला लागू आहे आणि अकादमीला तर सगळ्यात जास्त लागू आहे, कारण तिथे गळती हा अपघात नसून निवडीची पद्धतच आहे.

प्रवेश घ्यायला जाल तेव्हा हे चार प्रश्न विचारा. पाच वर्षांपूर्वी आलेल्या बॅचमध्ये किती मुलं होती, आणि त्यातली किती आज कुठे आहेत? माझ्या मुलाला आठवड्यात किती तास प्रत्यक्ष शिक्षक शिकवणार? तो दुखापतीने वर्षभर बाहेर बसला तर त्याच्या दिवसाचं काय होईल? आणि उद्या त्याला परत शाळेत जायचं झालं तर कुठल्या वर्गात, कुठल्या तयारीने जाईल?

चारही उत्तरं समाधानकारक मिळाली तर जरूर पाठवा. पहिल्याच प्रश्नाला भिंतीवरच्या फ्लेक्सकडे बोट दाखवलं गेलं, तर समजा की छेद अजून लपलेलाच आहे. आणि तो कळेपर्यंत दहावीचा फॉर्म मुलाच्या शाळेतूनच भरा.