क्यूटीची सहावी आवृत्ती आणि जुने मराठी लेखन

संगणकाच्या पडद्यावर चालणारे कार्यक्रम बांधण्यासाठी जे साधनसंच वापरले जातात, त्यांत क्यूटीचे स्थान महत्त्वाचे आहे. नॉर्वेतील ट्रोलटेक या कंपनीने तो १९९५ साली प्रथम प्रसिद्ध केला; त्याची सहावी आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये निघाली. या आवृत्तिबदलाची चर्चा प्रायः वेग आणि चित्रण या अंगांनी होते. भाषाभ्यासकाला मात्र त्यातील एका लहानशा स्थलांतराची दखल घेणे प्राप्त आहे.

पाचव्या आवृत्तीपर्यंत 'क्यूटेक्स्टकोडेक' हा वर्ग साधनसंचाच्या गाभ्यात होता. निरनिराळ्या संकेतप्रणालींतील मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे त्याचे कार्य. आणि त्याला अवगत असलेल्या प्रणालींत इस्कीचाही समावेश होता. ब्राह्मीपासून उद्भवलेल्या लिप्यांतील समान वर्णांना एकच संकेत देणारी ही प्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. सहाव्या आवृत्तीत हा वर्ग गाभ्यातून काढून जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखणाऱ्या वेगळ्या विभागात ठेवण्यात आला. त्याच्या जागी आलेला वर्ग स्वतः युनिकोडची रूपे, लॅटिन-१ आणि यंत्राची स्थानिक प्रणाली एवढेच जाणतो. ६.४ पासून आयसीयू ग्रंथालयासह बांधणी केल्यास अन्य प्रणालींचीही सोय होते. परंतु ती त्या बांधणीवर अवलंबून राहते.

युनिकोड सर्वत्र रूढ झाल्यामुळे हा भार उतरविणे योग्यच, असे या बदलाचे समर्थन करता येईल. नव्या लेखनापुरते ते ग्राह्य आहे. जुने लेखन मात्र साधन बदलल्याने बदलत नाही. इस्कीतील मजकूर लॅटिन-१ समजून वाचला, तर यंत्र कोणतीही चूक दाखवीत नाही. देवनागरीच्या जागी स्वरचिन्हांकित रोमी अक्षरांची निरर्थक रांग तेवढी उमटते. मूक चूक ही उघड चुकीहून अधिक घातक होय.

रूपांतर झाले म्हणजे काम संपले, असेही नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील अर्थभेद सर्वस्वी रफार व अर्धा र यांच्या भेदावर उभा आहे. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : 'ऱ' आणि हलन्तचिन्ह यांनी, किंवा साधा 'र', हलन्तचिन्ह आणि अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. क्यूटीतील समतेची कसोटी मात्र केवळ संकेतांक पाहते. तिला ते दोन भिन्न शब्द वाटतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ही रूपे एक होत नाहीत. परिणामी, कोशात असलेला शब्द शोधणाऱ्यास 'नाही' असे उत्तर मिळू शकते.

यावरून कामाचा क्रम ठरतो. जुना वर्ग हाती असतानाच मजकुराचे रूपांतर करावे, अर्ध्या 'र'चे एकच रूप निश्चित करावे, मूळ प्रती जपून ठेवाव्या आणि मगच आवृत्ती बदलावी. आवृत्तिबदलाची मार्गदर्शिका कोणत्या वर्गाच्या जागी कोणता वर्ग आला ते सांगते. आपल्या संग्रहातील काय वाचावयाचे राहिले, हे सांगण्याची जबाबदारी संग्रह बाळगणाऱ्याचीच आहे.