राखीगढीची एकमेव प्रत

अस्थींतून वंश वाचण्याचें शास्त्र आतां इतिहाससंशोधकांच्या दाराशीं आलें आहे. तेव्हां त्याची परीक्षा आपल्याही कसोटीवर व्हावी, म्हणून हें टिपण. परीक्षणार्थ घेतलेला निबंध हरियाणांतील राखीगढी येथील हडप्पाकालीन सांगाड्यांविषयीं असून तो 'सेल' या नियतकालिकांत सप्टेंबर २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजचें. प्रथम लेखक डॉ. वसंत शिंदे.

प्रथम सामग्री पाहूं. ६१ नमुने तपासले, वाचण्याजोगा डी.एन.ए. मिळाला तो एकाच स्त्रीचा. तोही अखंड नाहीं. पुनःपुन्हां प्रयोग करून हातीं आलेले तुकडे जुळविलेले आहेत. पोथीच्या भाषेंत, एकच प्रत आणि तीही कसरीनें खाल्लेली! भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीवर ज्यांची दृष्टि घडली, त्यांस एका प्रतीवरून पाठ ठरविणें रुचणार नाहीं. लेखकांस ही अडचण ठाऊक आहे. इराणांतील शहर-ए-सोख्ता व तुर्कमेनिस्तानांतील गोनुर येथें, तेथल्या इतरांहून निराळ्या वंशाचे ११ जण पूर्वीच आढळले होते. त्यांच्याशीं या स्त्रीचा वंश जुळतो. घरच्या फाटक्या प्रतीचा पाठ परदेशीं गेलेल्या अकरा नकलांशीं मिळावा, तसें हें झालें. हा युक्तिवाद आम्हांस बळकट वाटतो. मात्र त्यावरून धोळावीरेच्या किंवा आपल्या दायमाबादच्या उत्तर-हडप्पा वस्तीच्या लोकांविषयीं कांहींच ठरत नाहीं.

आमचा खरा आक्षेप निबंधावर नसून त्याच्या गाजावाज्यावर आहे. या स्त्रीच्या ठायीं मध्य आशियाई गवताळ प्रदेशांतील पशुपालकांचा अंश नाहीं, एवढें निबंध सांगतो. त्यावरून 'आर्य बाहेरून आलेच नाहींत' असा पुकारा झाला. लेखकांपैकीं कांहींनींही तो केला. वास्तविक त्याच सुमारास 'सायन्स' मध्यें आलेल्या, ५२३ प्राचीन व्यक्तींवरील निबंधांत हे पशुपालक दक्षिणेकडे इ. स. पू. २००० ते १५०० च्या सुमारास आले असें प्रतिपादन आहे. ही स्त्री त्याच्या आधींची! इ. स. १६०० च्या कागदांत शिवाजी महाराजांचें नांव नाहीं, म्हणून ते झालेच नाहींत असें कोणी म्हणेल काय? शिवाय ती कोणती भाषा बोलत होती, हें हाड सांगत नाहीं.

आपल्या जिल्ह्यांतील इनामगांवीं १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन झालें. तेथें घरांच्या जमिनीखालीं रांजणांत पुरलेलीं मुलें व पाय घोट्याखालीं तोडलेले प्रौढ निघाले. एका घराखालचीं मुलें एकाच कुळांतलीं होतीं काय, हा प्रश्न या शास्त्राच्या आवांक्यांतला आहे. आम्ही राहतों त्या मुळशीच्या पावसांत कागद टिकत नाहीं, मग हाड कोठचें? घोड नदीचें खोरें त्यामानानें कोरडें आहे. परंतु तेथेंही उन्हाळा कडक, आणि हाताळणीचा दोष वेगळाच. तरुणपणीं एक भिजलेली पोथी आम्हीं खळ लावून सांधली. कसरीनें ती खळ खाल्ली व तिच्याबरोबर समासांतल्या टिपाही गेल्या. हाडें धुऊन, त्यांवर लेप चढवून ठेवण्यांत असाच प्रकार होतो. यास्तव संग्राहकांस विनंती कीं, शेतांत हाड वा रांजण दिसल्यास तो जागचा हलवूं नये, धुऊं नये, आणि डेक्कन कॉलेजास कळवावें.