‘अन्नसाखळी’ : एका रूपकाची चिकित्सा

गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार ही मंडळी क्रमिक पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या एकाच ओळीत उभी आहेत. पाच आकृती आणि त्यांना जोडणारे चार बाण पाहिले, की निसर्गातील पोषणाचा सारा व्यवहार उमगला असे विद्यार्थ्यास वाटते. आणि पदव्युत्तर अभ्यासापर्यंत पोहोचल्यावरही ही समजूत सहसा ढळत नाही. वाङ्मयातील रूपक हे रूपक आहे, याचे भान वाचक सहसा सोडीत नाही. शास्त्रातील रूपकाचे मात्र तसे नसते. ते काही काळाने वस्तुस्थितीचा वेष घेऊन वावरू लागते, आणि मग त्याची चिकित्सा करण्याचे कोणाला सुचत नाही. ‘अन्नसाखळी’ हे अशा रूपकांपैकी एक होय. साखळी म्हटली की तिला आरंभ आणि शेवट आला. तिचे दुवे एकापुढे एक ओवलेले असणार हेही आले. निसर्गातील अन्नव्यवहाराला असा शेवट नाही. घार मेल्यानंतर तिचे काय होते, हा साधा प्रश्न त्या आकृतीत कोठेच विचारलेला नसतो. आणि गवतापैकी नाकतोड्याने न खाल्लेले गवत कोठे जाते, हा त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नाही.

या रूपकाला शास्त्रात प्रतिष्ठा मिळवून देणारा ग्रंथ म्हणजे चार्ल्स एल्टन यांचा १९२७ साली प्रसिद्ध झालेला ‘अ‍ॅनिमल इकॉलॉजी’. ग्रंथकाराचे वय त्या वेळी जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते, आणि ग्रंथाच्या शैलीत तारुण्याचा तो उत्साह जागोजागी जाणवतो. कोण कोणाला खातो हा प्रश्न एल्टन यांनी प्राणिसमाजाच्या रचनेच्या केंद्रस्थानी आणला. भक्ष्याच्या आकारमानाला आजवर न मिळालेले महत्त्व दिले. लहान प्राणी असंख्य आणि मोठे प्राणी विरळ का, याचा उलगडा संख्येच्या मनोऱ्याने केला. साखळीत पाचांहून अधिक पायऱ्या क्वचितच असतात, हे निरीक्षणही त्यांचेच. एवढे मोठे श्रेय पदरी असलेल्या ग्रंथावर आक्षेप घेताना हे ध्यानात ठेवले पाहिजे, की आक्षेपाचा रोख त्याच्या कर्त्यापेक्षा त्याच्या वाचकांवर अधिक आहे.

कारण एल्टन यांनी साखळीबरोबरच ‘अन्नचक्र’ अशा अर्थाची दुसरी संज्ञाही योजली होती, आणि एखाद्या समाजातील सर्व साखळ्या मिळून होणाऱ्या व्यवस्थेला ते चक्रच म्हणत. हा शब्द त्यांना सुचला तो उत्तर ध्रुवाजवळच्या अनुभवातून. १९२१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर ते स्पिट्सबर्गेन आणि बेअर बेटावर गेले होते. तेथील जीवसृष्टी इतकी विरळ, की एका माणसाला तिचे सर्व संबंध कागदावर मांडता यावेत. वनस्पतिशास्त्रज्ञ समरहेज यांच्यासह १९२३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखातील बेअर बेटाची आकृती आज पुन्हा पाहण्याजोगी आहे. तीत बाण एका दिशेने जात नाहीत. समुद्रात चरणारे पक्षी बेटावर येऊन विष्ठा टाकतात. त्या विष्ठेतील नत्र जिवाणूंच्या द्वारे वनस्पतींना मिळते. वनस्पतींवर कीटक जगतात, कीटकांवर पक्षी, आणि पक्ष्यांवर ध्रुवीय कोल्हा. या कोल्ह्याला साखळीच्या टोकावरचा राजा मानावे, तर हिवाळ्यात तो पांढऱ्या अस्वलाने मारलेल्या सीलचे उष्टे खातो आणि प्रसंगी अस्वलाची विष्ठाही! राजाच्या ताटातील हे पदार्थ क्रमिक पुस्तकांनी सोवळेपणाने गाळले. एल्टन यांनी ग्रंथातील प्राणिसमाजाच्या प्रकरणाच्या शिरोभागी ज्या चिनी म्हणी दिल्या आहेत, त्यांतील एक मोठ्या माशापासून निघून खाली उतरत उतरत अखेर चिखलाशी येऊन थांबते. म्हण रचणाऱ्या अनाम कोळ्याला चिखल हे अन्न आहे हे ठाऊक होते.

चिखलाचे हे स्थान शास्त्रीय भाषेत प्रथम मांडले ते रेमंड लिंडेमन यांनी. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर बॉग नावाचे एक लहान, उथळ, गाळाने भरत चाललेले सरोवर आहे. त्यातील जीवांची मोजदाद लिंडेमन यांनी अनेक वर्षे केली, आणि येल विद्यापीठात हचिन्सन यांच्या सहवासात तिचे एका सिद्धांतात रूपांतर केले. टान्सली यांनी १९३५ साली सुचविलेली ‘परिसंस्था’ ही कल्पना या लेखामुळे केवळ शब्द न राहता हिशेबाचे साधन झाली. सरोवरशास्त्रातील दोन ज्येष्ठ परीक्षकांनी, पुराव्याच्या मानाने तर्क फार, असा अभिप्राय देऊन लेख नाकारण्याची शिफारस केली होती. हचिन्सन यांच्या आग्रहामुळे तो स्वीकारला गेला. ऑक्टोबर १९४२ मध्ये लेख छापून आला तेव्हा लेखक हयात नव्हता. त्याच वर्षी जून महिन्यात, वयाची सत्तावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, लिंडेमन यांचे निधन झाले होते.

या लेखातील सरोवराच्या आकृतीच्या मध्यभागी मासा नाही, पाणवनस्पतीही नाही; तेथे आहे तळाचा मऊ, कुजका गाळ. सर्व बाजूंनी मृत द्रव्य त्यात येते आणि त्यातूनच पुन्हा जीवांकडे बाण निघतात. आकृती एवढी स्पष्ट असताना लेखाचे आकडे मात्र वेगळीच कथा सांगतात, आणि चिकित्सकाने थांबावे असे स्थळ हेच आहे. लिंडेमन यांच्या कोष्टकात वनस्पतींचे एकूण उत्पादन दर चौरस सेंटिमीटरला वर्षाकाठी १११.३ कॅलरी धरले आहे. त्यापैकी श्वसनात २३.४ खर्च झाल्या, तृणभक्षकांनी १४.८ घेतल्या, आणि विघटनाच्या खात्यावर पडल्या फक्त २.८. उरलेल्या ७० कॅलरींहून अधिक भाग कोणीच खाल्ला नाही. तो तळाशी साचत गेला आणि सरोवराची दलदल करीत राहिला. म्हणजे आकृतीत जो गाळ केंद्रस्थानी बसविला, तोच जमाखर्चात किरकोळ वजावट होऊन कोपऱ्यात गेला. न खाल्लेले अन्न हा या सरोवराच्या जीवनातील सर्वांत मोठा व्यवहार होता. त्याला हिशेबात मानाचे स्थान मिळाले नाही. तरुण संशोधकाला आणखी दहा वर्षे मिळाली असती तर ही विसंगती त्याच्या दृष्टीतून सुटली नसती, असे मानण्यास त्याच्या लेखातच भरपूर आधार आहे.

याच लेखाच्या नावावर ‘दहा टक्क्यांचा नियम’ खपविला जातो, ही गोष्ट त्याहून खेदाची. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीच्या ऊर्जेचा एक दशांश पोहोचतो, असा हा नियम आपल्याकडील अनेक पुस्तकांत लिंडेमन यांच्या नावासह आणि १९४२ या सालासह छापलेला आढळतो. प्रत्यक्षात त्यांचे आकडे असे आहेत : सीडर बॉगमध्ये सूर्यप्रकाशापैकी ०.१० टक्के वनस्पतींनी बांधले, त्यातील १३.३ टक्के तृणभक्षकांकडे गेले, आणि त्यातील २२.३ टक्के मांसभक्षकांकडे. मेंडोटा सरोवराच्या बाबतीत वनस्पतींच्या वरच्या तीन पायऱ्यांवर हेच प्रमाण ८.७, ५.५ आणि १३.० असे येते. यांत दहा हा आकडा कोठेच नाही. उलट, वरच्या पायऱ्यांवर कार्यक्षमता वाढत जात असावी, अशी लिंडेमन यांची अटकळ होती. दहा टक्के हे नंतरच्या काळातील मोघम सरासरीचे अपत्य होय. परीक्षेत लिहिण्यास ते सोईचे आहे, हाच त्याच्या दीर्घायुष्याचा आधार दिसतो.

गाळाचा हिशेब नीट मांडण्याचे काम पुढच्या पिढीने केले. जॉन टील यांनी १९६२ साली जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलीचा ऊर्जाव्यवहार प्रसिद्ध केला, तेव्हा असे दिसले की तेथील उंच गवताच्या निव्वळ उत्पादनापैकी पाच टक्क्यांच्या आतबाहेर एवढाच भाग जिवंत स्थितीत कीटकांच्या पोटात जातो. बाकीचे गवत उभ्या उभ्या वाळते, पडते, कुजते, आणि मग खेकडे, गोगलगायी, कृमी यांना मिळते. कोकणातील खाड्यांकाठच्या तिवरांच्या आणि कांदळांच्या राईतही व्यवहाराची जात हीच. हिरवे पान खाणारे थोडे. गळालेल्या पानावर जगणारे फार.

पोषणाच्या दृष्टीने येथे एक सूक्ष्म गोष्ट घडते आणि साखळीच्या चित्रात तिला जागाच नाही. गळून पडलेले पान हे निकृष्ट अन्न असते. त्यात काष्ठद्रव्य आणि तंतू पुष्कळ, नत्र अल्प. पाण्यात पडल्यावर त्यावर बुरशी आणि जिवाणू वस्ती करतात. ते पानातील कर्बद्रव्य खर्च करतात आणि पाण्यातील नत्र ओढून आपल्या देहात साठवितात. त्यामुळे पान जसजसे जीर्ण होते, तसतसे उरलेल्या कणांतील नत्राचे प्रमाण वाढत जाते. ते कण गिळणाऱ्या कोळंबीला खरा पोषक अंश मिळतो तो पानातून थोडा आणि पानावरील या सूक्ष्म वस्तीतून बराच. कुजणे म्हणजे नासणे, हा सामान्य समज येथे उलटा होतो. खाडीतील कोळंबी आणि चिंबोरी चवीने खाणारा किनाऱ्यावरचा माणूस एका अर्थी तिवरांची गळालेली पानेच खात असतो. मध्ये स्वयंपाक जिवाणूंनी केलेला असतो, इतकेच.

याचा अर्थ साखळीचे रूपक टाकाऊ आहे असा नव्हे. एका ठिकाणी त्याने जे काम केले ते दुसऱ्या कोणत्याही रूपकाला साधले नसते. कॅलिफोर्नियातील क्लिअर सरोवरात त्रासदायक चिलटांच्या नाशासाठी १९४९, १९५४ आणि १९५७ या वर्षी डीडीटीच्या कुळातील डीडीडी हे रसायन सोडण्यात आले. पाण्यातील त्याचे प्रमाण होते दहा लाखांत सुमारे ०.०२ भाग, प्लवकांत ते सुमारे ५ भाग आढळले, आणि पाणडुबी जातीच्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत १,६०० भाग. एक हजारांहून अधिक असलेल्या ग्रीबच्या जोड्या १९६० पर्यंत तीसच्या घरात आल्या. रेचेल कार्सन यांच्या १९६२ सालच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथातील युक्तिवादाचा एक भक्कम खांब हाच आहे, आणि तो साखळीच्या कल्पनेवर उभा आहे. परंतु येथे साखळी सार्थ ठरली याचे कारण पाहण्यासारखे आहे. अन्न प्रत्येक पायरीवर खर्च होते, विखुरते, मातीत परतते. हे विष मात्र चरबीत दडून बसते आणि एका देहातून दुसऱ्या देहात साचत वर चढते. म्हणजे हे रूपक अन्नापेक्षा विषाच्या प्रवासाचे वर्णन अधिक यथार्थपणे करते.

मराठी परिभाषेने या प्रश्नात स्वतःची एक भर घातली आहे. इंग्रजीतील ‘कन्झ्यूमर’ हा शब्द बाजारातून आलेला आणि बराचसा निर्विकार आहे. त्यासाठी मराठीत रूढ झालेला ‘भक्षक’ हा शब्द मात्र ‘रक्षक’ या शब्दाचा प्रतिपक्षी म्हणून कानाला परिचित आहे. ससा हा ‘प्राथमिक भक्षक’ असे वाचताना विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहत असेल? ‘विघटक’ या शब्दाची गतही फारशी बरी नाही. मोडतोड करणारा, एवढाच त्याचा ध्वनी; त्यातून नवे काही घडते याची सूचना त्यात नाही. आणि हे अशा भाषेत घडले, की जिच्यात या व्यवहाराला ‘मुरणे’ हे अत्यंत अर्थवाही क्रियापद पूर्वीपासून आहे. पाऊस जमिनीत मुरतो, लोणचे बरणीत मुरते, शेणखत खड्ड्यात मुरते. तिन्ही ठिकाणी काळाच्या ओघात, दृष्टीआड, काहीतरी अधिक उपयुक्त होत असते. परिभाषा घडविणाऱ्यांनी संस्कृत धातूंकडे धाव घेण्यापूर्वी एकदा शेतकऱ्याच्या उकिरड्याकडे पाहिले असते, तर शब्द आणि कल्पना दोन्हींचा लाभ झाला असता.

शब्दांची ही चर्चा निव्वळ पांडित्याची नाही, हे भारतातील गिधाडांच्या उदाहरणावरून दिसते. मेलेले जनावर खाणाऱ्या गिधाडाला साखळीच्या चित्रात नीटसे स्थानच नाही. ते कोणाला मारीत नाही, म्हणून भक्ष्याच्या संख्येवर त्याचा अंकुश नाही. त्याला मारून जगणाराही कोणी नाही. साखळीच्या तर्काने पाहिले, तर गिधाड नाहीसे झाल्याने काहीच तुटायला नको. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. राजस्थानातील केवलादेव येथे त्यांची झपाट्याने होणारी घट विभू प्रकाश यांनी १९९९ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदविली होती. कारण उमगले ते २००४ साली, पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीतून. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध, जनावर लवकरच मेले तर त्याच्या मांसात उरते आणि ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी करते. शंभरांतील एकाहून कमी मृतदेहांत ते असले तरी एवढा विनाश घडण्यास पुरेसे होते, कारण एका मृतदेहावर गिधाडांची सबंध पंगत बसते.

साखळी तुटली नाही, आणि तरीही परिणाम व्हायचा तो झालाच. गावाबाहेर टाकलेली जनावरे तशीच सडत पडली, त्यांवर भटक्या कुत्र्यांची संख्या पोसली गेली, आणि त्यांच्या बरोबर पिसाळरोगाचे भय वाढले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडांचा वावर पूर्वी जेथे होता त्या जिल्ह्यांतील मानवी मृत्युप्रमाण चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचे अनुमान काढले आहे. २००० ते २००५ या वर्षांत दरसाल सुमारे एक लाख अधिक मृत्यू, असा त्यांचा हिशेब आहे. एवढ्या मोठ्या आकड्याविषयी अर्थशास्त्रज्ञांत वाद होऊ शकेल. मात्र गवत–नाकतोडा–बेडूक या ओळीवर पोसलेल्या बुद्धीला ही शक्यता आधी सुचली नसती, याविषयी वाद होण्याचे कारण नाही.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकच्या वापरावर भारत सरकारने २००६ साली बंदी घातली. तरीही माणसांसाठी बनविलेल्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ साली कुपीचे माप तीन मिलिलिटरवर आणावे लागले. आणि त्याच कुळातील ॲसेक्लोफेनॅक व कीटोप्रोफेन या औषधांवरील बंदीसाठी २०२३ साल उजाडले.