बचावाची संहिता आणि अनुपस्थित वक्ता

आरोपीचा बचाव हा न्यायालयीन व्यवहाराचा तांत्रिक भाग मानला जातो. वाङ्मयीन विचाराच्या कक्षेत तो सहसा येत नाही. वस्तुतः प्रत्येक बचाव हे एक निवेदन असते. घटनांचा क्रम, कार्यकारणभाव आणि पात्रांचे हेतू यांची त्यात जाणीवपूर्वक रचना केलेली असते. मृत व्यक्तीला या निवेदनाचे खंडन करता येत नसल्यामुळे मृत्यूच्या प्रकरणात रचनेचा प्रश्न नैतिक प्रश्न बनतो.

डॉ. पायल तडवी या तडवी भिल्ल आदिवासी समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीने २२ मे २०१९ रोजी मुंबईतील नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात आत्महत्या केली. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातिवाचक टोमणे मारले व छळ केला, अशी कुटुंबीयांची तक्रार होती. त्या तिघींना अटक झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभ्यासक्रम पूर्ण करण्याची परवानगी दिली. आरोप नाकारताना त्यांच्या बचावाचा रोख असा होता की, कामाच्या ताणाला रॅगिंग म्हणता येणार नाही.

या युक्तिवादाचे व्याकरण तपासण्याजोगे आहे. ‘काम पडते’, ‘ताण येतो’, ‘बोलले जाते’ अशी वाक्ये मराठीत सहज संभवतात. त्यांत माणूस हा कर्ता उरत नाही. ताण सर्वांनाच असतो हे विधान खरे असू शकते, परंतु तो सर्वांच्या वाट्याला सारख्याच शब्दांत येतो का, हा प्रश्न त्या विधानाने सुटत नाही. जातीचा उच्चार झाला असेल, तर ताणाचा अर्थच बदलतो.

मात्र आरोपाच्या भाषेलाही हाच दोष जडतो. ‘रॅगिंगने बळी घेतला’ या वाक्यात एक भाववाचक नाम कर्ता होते आणि त्या रिकाम्या जागी समाज हाती लागतील ती माणसे बसवतो. तत्कालीन भारतीय दंडसंहितेच्या कलम १०७ नुसार अपप्रेरणेसाठी चिथावणी, कट किंवा हेतुपुरस्सर साहाय्य सिद्ध व्हावे लागे. कोणी, काय, कोणत्या हेतूने केले, हे विचारणारा बचाव म्हणूनच मृताचा अवमान ठरत नाही. पुराव्याची ती किमान मागणी आहे.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात ही मागणीच नाकारली जाते. खेळ म्हणून सुरू झालेल्या खटल्यात सुखात्मे हेच फिर्यादीचे आणि आरोपीचेही वकील असतात. बेणारेचे प्रदीर्घ स्वगत प्रेक्षकांपर्यंत पोहोचते. कोर्टातील पात्रे मात्र त्या वेळी निश्चल असतात. रॅगिंगशी या नाटकाचे नाते कथानकाचे नाही, यंत्रणेचे आहे. ‘गंमत’ हे समूहाचे कवच असते आणि त्याच्या आड एकटीला कोंडीत पकडता येते. आरोपीचे म्हणणे न ऐकता निवाडा देणारा समाज या समूहाहून फारसा वेगळा राहत नाही.

दोन्ही निवेदनांतून गळणारे तिसरे पात्र म्हणजे संस्था. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीजवळ अपघात झाला, तर पाळीवरच्या मुकादमाला जाब विचारणे योग्यच आहे. पण पाळ्या आखणारा व सुरक्षेचा खर्च ठरवणारा सुटला, तर चौकशी अपुरी राहते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्याने हे ओळखले आहे. तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखाने अपराधाला अपप्रेरणा दिली, असे तो कायदा मानतो. बचाव जेव्हा व्यवस्थेकडे बोट दाखवतो तेव्हा तो त्यामुळेच निरर्थक ठरत नाही. मात्र व्यवस्थेच्या नावाखाली स्वतःचे शब्द लपवू लागला, की त्याची विश्वासार्हता संपते.

सारांश, बचावाची कसोटी त्याच्या परिणामकारकतेत शोधता येणार नाही. आरोपीचे कृत्य नेमके मांडताना मृताचा अनुभव पुसून टाकण्याची गरज ज्याला भासत नाही, तोच बचाव न्याय्य होय. अनुपस्थित वक्त्याची जागा रिकामी ठेवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे.