चाड्यावरची मूठ

पेरणाऱ्याचा दृष्टांत मी मानवत तालुक्यातल्या नात्यातल्या एका आजोबांना वाचून दाखवला. काही बी वाटेवर पडले, पाखरांनी खाल्ले. काही खडकाळीवर उगवून करपले. काही काट्यांत गुदमरले. चांगल्या जमिनीतले तीसपट, साठपट, शंभरपट आले. आजोबांनी विचारले, "चाड्यावर कोण होतं?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. परभणीकडे ज्वारी तिफणीने पेरायची. चाड्यावर मूठ धरणारा बी सोडतो, ते नळ्यांतून तासात, थेट ओलीवर जाते. वाटेवर सांडायचे कारण नाही. पाखरांची राखण करायची ती कणसात दाणा भरताना. येशूच्या गोष्टीतला माणूस मात्र हाताने बी फेकणारा, आपल्या भाषेत फोकणारा. मराठीत तो 'पेरणारा' झाला आणि त्या शब्दाबरोबर तिफणही आत आली. योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाने त्याचा बचाव केला होता, की पॅलेस्टाईनमध्ये आधी बी फेकत आणि मग नांगरत, म्हणजे वाटही नांगराखाली येणारच होती. पुढे त्यावर वाद झाला. मला तो बचाव नकोसाच वाटतो. रान न पारखता बी टाकणारा हात, हेच तर या गोष्टीतले नवल आहे.

दुसरी अडचण शेवटाची. शंभरपट ऐकून आजोबा हलले नाहीत. रब्बी ज्वारीला एकरी चार किलो बी लागते. चार क्विंटल उतारा आला की झाले शंभरपट! गव्हाचे तसे नाही. एकरी चाळीस किलो बी धरले, तर शंभरपट म्हणजे चाळीस क्विंटल. आजही आपल्याकडे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. उत्पत्तीच्या २६व्या अध्यायात इसहाकाला शंभरपट पीक मिळते, ते देवाच्या आशीर्वादाची खूण म्हणून. ज्वारीच्या मुलखात हा कळस सपाट होतो आणि श्रोत्यांच्या लक्षात राहतात ती फक्त वाया गेलेली तीन ठिकाणे.

प्रवचनेही तिथेच घुटमळतात: तुम्ही कोणती जमीन? याला आधार मार्काच्या चौथ्या अध्यायातल्या उलगड्याचा आहे (ओव्या १४ ते २०). तो येशूचा की पहिल्या मंडळीचा, यावर विसाव्या शतकात बरेच लिहिले गेले. मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे. शिष्याचा अर्थ शेजारी ठेवला जातो, मोलाचाही असतो, पण तो स्वामींच्या तोंडी घातला जात नाही. मार्काचा उलगडा मी असाच, दार्ष्टांतिक म्हणून वाचतो.

हा नुसता पाठचिकित्सेचा प्रश्न नाही. मराठवाड्यातल्या चर्चमध्ये बसणाऱ्यांत मोठा भाग दलित कुटुंबांचा आहे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या माळाचा तुकडा आला, किंवा तोही नाही, त्यांना 'तुम्ही खडकाळ जमीन' असे रूपकातून का होईना सांगणे मला जड जाते. खडक त्यांनी आणला नव्हता. मूळ गोष्टीत जमिनीला कोणी बोल लावत नाही. त्याच अध्यायात पुढे आणखी एक बी आहे: शेतकरी झोपतो, उठतो, आणि ते कसे वाढते हे त्याला कळतही नाही. तिथे जमिनीची प्रतवारी नाहीच. श्रद्धा म्हणजे आपली प्रत सिद्ध करणे नव्हे, आपल्या मुरमावरही बी पडले यावर विसंबणे, असा अर्थ या दोन गोष्टी एकत्र वाचल्यावर हाती येतो. बाराव्या ओवीतले कठोर शब्द, ऐकूनही समजू नये म्हणून दृष्टांत, मात्र या अर्थाला अडतात. ते मला अजून सुटलेले नाहीत.

'पेरणारा' बदलून 'फोकणारा' करा असे मी म्हणणार नाही. उपासनेत तो शब्द कानाला खुपेल. आजोबांना मी एवढेच सांगितले, की तिफण नव्हती, माणूस मुठीने फेकत होता. ते म्हणाले, "मग बियाणं घरचं असंल त्याचं. इकतचं असतं तर असं फेकलं नसतं."